बर्फाच्या मुलखातले ताड

लक्ष्मीपूजनाला जिच्यावर हळदकुंकू वाहतात ती केरसुणी शिंदीच्या पानांची. पण शिंदीचे झाड महाराष्ट्रात कुणी हौसेने लावल्याचे ऐकिवात नाही. ते ओढ्याच्या काठी, वेशीबाहेरच्या पडीक रानात आपले आपण येते. त्याच्या गळ्याला मडके बांधून नीरा काढतात, पानांच्या चटया विणतात आणि एरवी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हीच शिंदी अमेरिकेत ‘सिल्व्हेस्टर पाम’ म्हणून मिरवते. फ्लोरिडा आणि टेक्सासमधल्या हॉटेलांच्या दारात, मॉलच्या वाहनतळांवर, नव्या वसाहतींच्या कमानींशी ती दिमाखात उभी असते. क्रेनने उचलून आणलेल्या पूर्ण वाढीच्या एका झाडासाठी तिकडे हजारो डॉलर मोजले जातात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर ध्रुवाकडची थंड हवा घसरत थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत आली. १६ फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर पारा उणे १९ अंश सेल्सियसपर्यंत गेला, त्याच दिवसांत सॅन अँटोनियोत उणे १३ च्या आसपास, तर समुद्राजवळच्या ह्यूस्टनमध्येही उणे १० च्या खाली. वीज गेली, नळ फुटले, माणसे दगावली. त्या धामधुमीत झाडांकडे बघायला फुरसत कुणाला होती? पुढच्या काही आठवड्यांत शिंदीच्या झावळ्या करड्या पडल्या, मग तपकिरी झाल्या आणि उन्हाळा आला तरी अनेक झाडांच्या शेंड्यातून नवा कोंब काही निघाला नाही. त्याच रस्त्यांवर, त्याच थंडीत, चीनमधून आलेला एक पंखापानी ताड आणि टेक्सासचा स्वतःचा साबाल ताड बहुतांशी तगून राहिले.

विदर्भातला मे महिना निभावणारी शिंदी टेक्सासच्या उन्हाळ्याला कशाला भिणार? तिथली माती, ऊन, पाऊस तिला वर्षानुवर्षे मानवले होते. तिला मारले ते दोन-तीन रात्रींनी. थंड मुलखात ताड वाढवणाऱ्यांचा सगळा व्यवहार या हिशेबाभोवती फिरतो: झाड वर्षाच्या सरासरीवर जगत नाही, दहा-वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या वाईटात वाईट रात्रीवर जगते किंवा मरते. हौस तीनशे पासष्ट दिवसांची, परीक्षा एका रात्रीची.

ताडाच्या बाबतीत ही परीक्षा इतकी कठोर का, हे कोकणातल्या बागायतदाराला समजवावे लागत नाही. आंबा मोहरला नाही तर पुढच्या वर्षी मोहरेल, फांदी मोडली तर शेजारून धुमारा फुटेल. माडाला धुमारा नाही. खोडाच्या टोकाशी, झावळ्यांच्या गाभ्यात एकच कोंब असतो; गेंड्या भुंग्याने तो पोखरला किंवा पावसाळ्यात तो कुजला की साठ फुटी माड म्हणजे उभे लाकूड. माडाच्या, ताडाच्या, शिंदीच्या खोडाला आंब्या-फणसासारखी सालीखालचा वाढीचा थरही नसतो, त्यामुळे झालेली जखम भरून येत नाही. ती जन्मभर खोडावर राहते.

थंडी हा कोंब दोन प्रकारे मारते. पहिला प्रकार सरळ गोठण्याचा. पेशींच्या मधल्या जागेतले पाणी आधी गोठते आणि पेशींमधले पाणी बाहेर ओढून घेते; पेशी आतून कोरड्या पडतात. शरद ऋतूत हळूहळू गारठा वाढत गेला असेल तर झाड पेशींमधली साखर वाढवून तयारीत असते. उकाडा चालू असताना एकाएकी थंडी कोसळली तर ती तयारी झालेली नसते. दुसरा प्रकार जास्त कपटी. थंडी ओसरते, झाड हिरवे दिसते, मालक निर्धास्त होतो. इजा झालेल्या कोंबात मात्र हिवाळ्याचे पाणी साचून बुरशी शिरलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये मधले न उमललेले पान हलकेच ओढून पाहिले की ते हातात येते आणि त्याच्या बुडाला कुजका वास असतो. यावरचा इलाज ऐकून रत्नागिरीचा माणूस हसेल, कारण तो त्याच्या घरचाच आहे: कुजका भाग साफ करायचा आणि मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण किंवा दुसरे एखादे ताम्रयुक्त बुरशीनाशक गाभ्यात ओतायचे. इंग्लंडमधल्या ताडवाल्यांच्या कपाटात पूर्वी ताम्रयुक्त औषधाची बाटली असायचीच. काही झाडे त्यातून वाचतात आणि सहा महिन्यांनी आखूड, वेडीवाकडी पाने काढत परत येतात.

म्हणूनच ‘हे झाड उणे किती अंश सोसते’ या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देणारा रोपवाटिकावाला अर्धेच खरे बोलत असतो. रात्री उणे १० आणि दुपारी ऊन पडून पारा शून्याच्या वर, ही थंडी वेगळी. सलग चार दिवस पारा शून्याखालीच, ही वेगळी. जाड खोड सावकाश थंड होते, ते एक रात्र काढू शकते. चार दिवसांत गारवा गाभ्यापर्यंत पोहोचतो. जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वर वारा मात्र पानांतून पाणी काढून नेत असतो. अशा वेळी झाड बर्फात उभे राहून तहानेने मरते. कोरड्या थंडीत तगणारा ताड त्याच पाऱ्याला ओल्या थंडीत सडतो. ब्रिटनमधल्या बागायतदारांचे यावर एकमत आहे की त्यांचा खरा वैरी हिवाळ्यातली चिकचिक. बर्फाचा नंबर त्यानंतर.

अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये देशाचा एक नकाशा काढला, त्यात दर भागातल्या वर्षाच्या सर्वांत थंड रात्रीची सरासरी घेऊन दहा-दहा अंश फॅरेनहाइटचे पट्टे पाडले. आज जगभरचे हौशी माळी आपली ओळख या पट्ट्याच्या क्रमांकाने सांगतात. २०२३ मध्ये नवा नकाशा आला तेव्हा देशाचा जवळजवळ अर्धा भाग अर्ध्या पट्ट्याने उबदार बाजूला सरकलेला निघाला. पण नकाशा सरासरीचा आहे, आणि सरासरीचा अर्थच असा की अनेक वर्षी त्याहून जास्त थंडी पडणार. टेक्सासमध्ये शिंदी विकणाऱ्यांनी नकाशा नीटच वाचला होता. फेब्रुवारी २०२१ ने तो वाचला नव्हता.

*

थंड मुलखात ताड वाढवायच्या या वेडाचा पहिला काळ काचेचा आणि कोळशाचा. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३६ पासून चार-पाच वर्षे खपून ‘ग्रेट स्टोव्ह’ नावाचे काचघर उभारले. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, आत बग्गीतून फेरफटका मारता येईल एवढा रस्ता. जमिनीखाली आठ बॉयलर, कोळसा आणायला भुयारातून छोटी रेल्वे, गरम पाण्याचे सुमारे सात मैलांचे नळ. धूर आणि कोळसा पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून एवढा खटाटोप. पहिल्या महायुद्धात काचघरांसाठी कोळसा मिळेना, माळी खंदकांत गेले, आतली झाडे गोठून मेली. १९२० मध्ये ते घर सुरुंग लावून पाडावे लागले, आणि तेही एका स्फोटात पडायला तयार नव्हते.

लंडनजवळच्या क्यू बागेतले पाम हाउस १८४४ ते १८४८ या काळातले, आणि ते आजही उभे आहे. तिथेही बॉयलर तळघरात आणि धूर भुयारातून दूरच्या मनोऱ्यावर, असाच बेत होता. त्याच्या आत एक सायकॅड आहे, दिसायला ताडासारखा, कुळाने ताडाहून कितीतरी प्राचीन. फ्रान्सिस मॅसन याने तो दक्षिण आफ्रिकेतून आणला आणि १७७५ मध्ये तो क्यूमध्ये पोहोचला. जगातली सर्वांत जुनी कुंडीतली वनस्पती म्हणून त्याला दाखवतात. इतक्या वर्षांत त्याला शंकू धरल्याची एकच नोंद आहे, १८१९ ची, आणि तेव्हा वृद्ध सर जोझफ बँक्स तो बघायला आले होते. अडीचशे वर्षे एका झाडाला ऊब पुरवत राहायचे म्हणजे कोणाच्या तरी खिशातून किती कोळसा गेला असेल, याचा विचार त्या सुंदर इमारतीत उभे असताना मनात आल्यावाचून राहत नाही.

काचेबाहेर ताड उभा करणे हे त्याहून धाडसाचे. ते शक्य झाले एका चिनी झाडामुळे. रॉबर्ट फॉर्च्युन हा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक भारतीयांना वेगळ्या कारणाने माहीत असतो: चीनमधून चहाची रोपे काढून ईस्ट इंडिया कंपनीसाठी त्याने ती काचेच्या बंद पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवली. त्याच फेऱ्यांत चुसान, म्हणजे आजच्या झौशान बेटावर त्याने एक पंखापानी ताड पाहिला. हिवाळ्यात तिथे बर्फ पडे आणि झाडाला त्याचे सोयरसुतक नसे. खोडाभोवती केसाळ काथ्याचे जाड आवरण. शेतकरी तो काथ्या सोलून दोर वळत आणि कोकणातल्या इरल्यासारखे पावसाळी अंगरखे विणत. १८४९ मध्ये फॉर्च्युनने त्याची रोपे इंग्लंडला धाडली. काही क्यूमध्ये लागली, एक व्हिक्टोरिया राणीच्या वाइट बेटावरच्या ऑस्बर्न हाउसच्या बागेत गेले. खरे तर जपानमध्ये राहिलेल्या फिलिप फॉन झिबोल्ट याच्या हातून हे झाड १८३० मध्येच हॉलंडला पोहोचले होते, पण नाव लागले फॉर्च्युनचे: ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय. मोठे झाड थोड्या वेळासाठी उणे १५-१६ अंश सोसते. आज स्कॉटलंडपासून काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत आणि व्हँकुव्हरच्या समुद्रकाठी जे ताड दिसतात ते बहुधा हेच.

त्याहून काटक ताड आहेत. अमेरिकेच्या आग्नेय भागातला सुईताड उणे २० च्या खालीही तग धरल्याचे दाखले आहेत, पण तो खोड न धरता झुडपासारखा बसून राहतो आणि वाढतो इतका सावकाश की लावणाऱ्याने नातवंडांचा विचार करून लावावा. हौशी माणसाला उंच खोड आणि डोक्यावर पंखे हवे असतात. चुसानचा ताड म्हणूनच जिंकला.

आणि इथे हिमालय आला पाहिजे. कुमाऊंमधल्या पिथौरागडजवळच्या थलकेदार डोंगरावर, दोन हजार मीटरच्या वर, उत्तर उतारावरच्या ओक वृक्षांच्या सावलीत चुसानच्या ताडाचा एक भाऊबंद वाढतो. मेजर एडवर्ड मॅडन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याची नोंद केली होती. इटालियन ताडतज्ज्ञ ओदोआर्दो बेक्कारी याने १९०५ मध्ये त्याला ट्रॅकीकार्पस टाकिल असे नाव दिले. भारताच्या मातीतला, दरवर्षी बर्फ झेलणारा ताड. ऐकूनच युरोपातले शौकीन वेडे झाले. बाजारात ‘टाकिल’ म्हणून रोपे येऊ लागली, त्यातली बरीच पुढे चुसानचीच निघाली, कारण इंग्रजांनी नैनितालसारख्या थंड हवेच्या ठिकाणी चुसानचा ताड आधीच लावून ठेवला होता. पूर्वेकडेही हे कुटुंब पसरलेले दिसते: मेघालयात खासी टेकड्यांत एक जात, दार्जिलिंग-कालिम्पाँगच्या भागात दुसरी, जिचे शास्त्रीय वर्णन १९९७ इतक्या अलीकडचे. ताड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र आणि उकाडा येतो. हिमालयातल्या या ताडांना ते कुणी सांगितलेले नाही.

*

ऑक्टोबर उजाडला की थंड मुलखातल्या ताडवेड्याची लगबग सुरू होते. पण खरी हुशारी त्याच्या कितीतरी आधी, जागा निवडताना लागते. थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली वाहत जाते आणि खोलगटात साचते. तिथे ताड लावणे म्हणजे त्याला बळी देणे. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसभर ऊन पिऊन रात्री ते परत देते. मोठ्या झाडाचे किंवा छपराच्या वळचणीचे आच्छादन डोक्यावर असेल तर आणखी बरे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकत जाते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तळ्याच्या काठी दवबिंदूंचे हिमकण होतात, तेव्हा गावातला तापमापक शून्याच्या बराच वर असतो, कारण हेच. निफाडच्या द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करणारा शेतकरी आणि लंडनच्या उपनगरात ताडाला पांघरूण घालणारा निवृत्त कारकून एकाच शत्रूशी लढत असतात.

पांघरूण घालायच्या पद्धती माणसागणिक वेगळ्या. सर्वांत साधी म्हणजे पाने वर गोळा करून दोरीने मोळी बांधायची, गाभ्यात कोरडा पेंढा खुपसायचा आणि वरून पांढऱ्या विणविरहित कापडाचे दोन-तीन वेढे द्यायचे. प्लास्टिकमध्ये कधी गुंडाळायचे नाही, आत घाम साचून कोंब सडतो. काही जण खोडाभोवती नाताळच्या दिव्यांची माळ गुंडाळतात आणि तिला तापमानानुसार आपोआप चालू-बंद होणारे बटण लावतात. पारा शून्याजवळ आला की माळ पेटते. यात एक गंमत झाली आहे. नव्या एलईडी माळा वीज वाचवतात म्हणजेच तापत नाहीत, आणि ताडवाल्याला तर तापच हवा असतो. त्यामुळे जुन्या तारेच्या बल्बांच्या माळा ही मंडळी जपून ठेवतात. जर्मनीत, जिथे हिवाळा जास्त खडूस, तिथे झाडाभोवती थर्मोकोलच्या किंवा पारदर्शक पत्र्याच्या भिंतींची खोलीच उभारतात आणि आत उष्णतेची तार सोडतात. शेजाऱ्यांना चार महिने अंगणात एक उंच पांढरी पेटी दिसते. नातेवाइकांत त्या माणसाविषयी काय बोलले जात असेल ते सांगायला नको.

केळीचा प्रकार निराळा. जपानी केळ म्हणून ओळखली जाणारी, मूळची चीनची ‘बासजू’ जात पहिल्या कडाक्यात काळी पडते, पण तिचा कंद जमिनीत जिवंत राहतो. पाने छाटायची, बुंध्याभोवती कोंबड्यांच्या जाळीचे पिंप करायचे, त्यात सुका पालापाचोळा ठासून भरायचा, वर पावसापासून झाकण. एप्रिलमध्ये उघडले की बुंधा मऊ झालेला असतो आणि मधून नवी सुरळी डोकावते. तिला खाण्यासारखी केळी येत नाहीत. तिच्यावरून जपानच्या सतराव्या शतकातल्या एका थोर हायकूकाराने स्वतःचे नाव घेतले, ‘बाशो’. शिष्याने झोपडीच्या दारात लावून दिलेल्या केळीचे हे उपकार.

मराठी वाचकाला गंमत वाटेल ती या ‘परदेशी’ बागांमधली बाकीची मंडळी पाहून. ससेक्समधले ग्रेट डिक्स्टर हे बागकामावर लिहिणाऱ्या क्रिस्टोफर लॉइड यांचे घर. तिथे वास्तुशास्त्रज्ञ एडविन लट्यन्स यांनी आखलेली एक गुलाबबाग होती. होय, नवी दिल्लीचेच लट्यन्स. १९९३ मध्ये बहात्तर वर्षांच्या लॉइड यांनी मुख्य माळी फर्गस गॅरेट यांच्या साथीने ते सगळे गुलाब उपटले आणि त्या जागी उष्ण प्रदेशातली भडक बाग केली. गुलाबप्रेमी इंग्रजांना तो जवळजवळ देशद्रोह वाटला. आणि गुलाबांच्या जागी आले कोण? कर्दळ, केळ, डेलिया. आपल्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर जगणारी कर्दळ तिकडे राणीच्या थाटात उभी असते, आणि पहिल्या कडाक्यानंतर तिचे गड्डे उकरून, माती झटकून, थंडीभर शेडमध्ये निजवले जातात. अळवाचीही तीच कथा. काळ्या पानांचे अळू ‘हत्तीचे कान’ म्हणून मोठ्या किमतीला विकले जाते आणि त्याच्या वड्या करायचे कुणाच्या डोक्यात येत नाही. सोनटक्क्याचे हिमालयी भाऊबंद तर ब्रिटनमध्ये चांगलेच रुळले आहेत. फ्रँक किंगडन-वॉर्ड याने १९३८ मध्ये आसामकडून आणलेली नारिंगी फुलांची ‘आसाम ऑरेंज’ ही जात आजही रोपवाटिकांत मिळते.

ब्रिटनला एक मोठा आधार आहे, अटलांटिकच्या उबदार प्रवाहाचा. कॉर्नवॉलपुढची सिली बेटे न्यूफाउंडलंडच्या उत्तर भागाच्या अक्षांशावर, पण तिथल्या हिवाळ्यात कडाका क्वचित. १८३४ मध्ये ऑगस्टस स्मिथ याने ही बेटे भाड्याने घेतली आणि ट्रेस्को बेटावर एका पडक्या मठाच्या भिंतींच्या आडोशाला बाग सुरू केली. अडचण थंडीची नव्हती, खाऱ्या वाऱ्याची होती. त्याने कॅलिफोर्नियाच्या पाइन आणि सायप्रसची दाट भिंत उभी केली आणि तिच्या आड दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, चिली, कॅनरी बेटे इथली झाडे वाढवली. स्मिथच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या ती सांभाळली. मग जानेवारी १९८७ मध्ये ती रात्र आली. बेटावर बर्फ पडला, कडाक्याचा वारा सुटला आणि दीडशे वर्षांच्या बागेतली बहुतांश कोवळ्या जातीची झाडे काळी पडली. सावरून लावणी चालू असतानाच जानेवारी १९९० च्या वादळाने आडोशाच्या भिंतीतली दहातली नऊ झाडे आडवी केली. माळ्यांनी पुन्हा सुरुवात आडोशापासून केली. आधी नवी पाइनची रांग, मग क्यू आणि इतर बागांकडून परत मागवलेली रोपे, ज्यांतली काही एकेकाळी ट्रेस्कोनेच त्यांना दिलेली होती. बागा एकमेकींकडे झाडे ठेवायला देतात, त्यामागे औदार्य असते तसा विमाही असतो.

डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडवर पुन्हा तीच पाळी आली. २५ डिसेंबरला आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात उणे १७.५ अंशांची नोंद झाली. टॉर्कीच्या समुद्रकाठी ‘टॉर्बे पाम’ म्हणून मिरवणारी हजारो कॉर्डिलाइन झाडे त्या हिवाळ्यात मान टाकून बसली. ती मुळात ताड नाहीतच, न्यूझीलंडची शतावरी कुळातली झाडे आहेत, आणि यावेळी तेच त्यांच्या पथ्यावर पडले: शेंडा मेला तरी पुष्कळांना पुढच्या वर्षी बुडातून धुमारे फुटले.

*

न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोतल्या मराठी घरांना यातले काहीच नवीन नाही, फक्त त्यांच्या कुंड्यांत ताड नसतो. कढीपत्ता असतो, तुळस असते, ब्रह्मकमळ असते. तिथे पहिला कडाका बहुधा ऑक्टोबरात पडतो आणि तुळशीचे लग्न कार्तिकात, म्हणजे अंगणातली नवरी लग्नाआधीच जायची. त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास कुंड्या घरात येतात.

कढीपत्त्याचे लाड सर्वांत जास्त. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जाऊ लागला की त्याला आत घ्यायचे, त्याआधी पाने धुऊन खवले कीड आणि पिठ्या ढेकूण बघायचे, कारण आत आल्यावर त्यांना खाणारे कुणी नसते. घर गरम करणाऱ्या यंत्रणेने हवा इतकी कोरडी होते की लाल कोळी झपाट्याने वाढतात. जानेवारीत झाड पाने गाळते, फांद्यांच्या काड्या होतात, आणि नवशिका माणूस घाबरून जास्त पाणी घालून मुळे सडवतो. मुरलेली बाई पाणी तोडते आणि वाट बघते. मे महिन्यात बाहेर काढतानाही आठवडाभर सावलीत, मग अर्ध्या उन्हात, मग पूर्ण उन्हात. थेट नेले तर पाने भाजतात.

अमेरिकेत कढीपत्त्याच्या रोपावर सरकारचीही नजर असते. लिंबूवर्गीय झाडांना मारणाऱ्या ‘ग्रीनिंग’ रोगाचा प्रसार करणारी सिट्रस सिल्ला ही कीड कढीपत्त्यावर पोसली जाते. फ्लोरिडात ती १९९८ मध्ये सापडली, तिच्यापाठोपाठ रोग २००५ मध्ये, आणि तिथल्या संत्र्यांच्या बागांचे कंबरडे मोडले. त्यामुळे लागण झालेल्या भागांतून कढीपत्त्याची रोपे आणि ताजी पाने हलवण्यावर कडक निर्बंध आहेत. मिनेसोटाच्या बर्फात कुंडीतल्या कढीपत्त्याला धोका थंडीचा. कॅलिफोर्नियात, जिथे तो अंगणात वर्षभर हिरवागार राहील, तिथे त्याच्या वाटेत संत्री येतात.

चुसानच्या ताडाची गोष्ट स्वित्झर्लंडमध्ये अशाच वळणावर गेली. आल्प्सच्या दक्षिण उतारावरच्या तिचिनो प्रांतात, लुगानो आणि माज्जोरे या तळ्यांच्या काठी, तो एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी आला. शंभर वर्षे तो बागेतच राहिला. बिया पडत, रोपे उगवत, कडक हिवाळा ती रोपे मारून टाकी. मोठ्या झाडाला उणे १५ चालते, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपाला ते झेपत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तसे हिवाळे विरळ झाले. कस्तुरसारख्या पक्ष्यांनी निळसर काळी फळे खाऊन बिया जवळच्या चेस्टनटच्या रानात टाकल्या आणि रोपे तगू लागली. गियान-रेटो वाल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की या ताडाचा जंगलातला शिरकाव हिवाळ्याच्या सौम्यतेच्या मागोमाग चालला आहे. थंडी मोजायला तापमापकाइतकाच तो विश्वासू.

आता तिथल्या काही दऱ्यांत झाडांखाली ताडांची एवढी दाटी आहे की स्थानिक झाडांच्या रोपांना उजेड मिळत नाही. खोडाभोवती लटकलेली वाळकी पाने सुक्या हिवाळ्यात आग धरू शकतात. वनखात्याचे लोक कुऱ्हाड आणि करवत घेऊन उतारावर फिरतात, आणि खाली तळ्याकाठी पर्यटन खाते पोस्टकार्डांवर तोच ताड छापते.

१ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडमध्ये हा ताड विकणे, भेट देणे आणि परदेशातून आणणे बंद झाले आहे. बागेत आधीपासून उभ्या असलेल्या झाडांना हात लावायची सक्ती नाही. नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी असल्यामुळे फळे धरतात ती मादीलाच. म्हणून ज्यांच्या अंगणात मादी झाड आहे त्यांनी वसंतात पिवळे तुरे फळ धरण्याआधी कापून टाकावेत, असा सल्ला दिला जातो. शिडी लावून, हातमोजे घालून, कारण देठांच्या कडांना बारीक दाते असतात.